‘पाखंडी’ कोण आणि ‘पेगन’ कोण

प्रश्न असा आला आहे: “इतिहासावरच्या एका मराठी व्हिडिओत ‘पाखंडी टोळ्यांनी ख्रिस्ती रोम लुटलं’ असं वाक्य ऐकलं. पेगनला पाखंडी म्हणावं की मूर्तिपूजक?”

पाखंडी म्हणू नये. अजिबात नाही. हा प्रयोग मी भाषणांत ऐकतो, अनुवादांत वाचतो, आणि दर वेळी तिथल्या तिथे दुरुस्त करायला हात शिवशिवतात. ‘पाखंडी’ हा शब्द हेरेटिकसाठी जितका नेमका आहे, तितकाच पेगनसाठी चुकीचा. ढोंगी, नास्तिक वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो.

हेरेटिक हा घरातला भांडखोर. तो ख्रिस्ताला मानतो, पण चर्चने ठरवलं तसं मानत नाही. पेगन त्या घरात कधी शिरलेलाच नसतो. तुकोबा ‘धर्माचें पाळण । करणें पाषांड खंडण’ म्हणतात तेव्हा त्यांचा रोख विठ्ठलाचं नावही न ऐकलेल्या दूरदेशीच्या माणसावर नाही, धर्माच्याच नावाने भलतं सांगणाऱ्यांवर आहे. रोमन कायद्यातही हा भेद लख्ख आहे. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने ४३८ साली जी कायदेसंहिता काढली, तिच्या सोळाव्या भागात हेरेटिकांचं प्रकरण पाचवं आणि पेगनांचं, त्यांच्या बळींचं नि देवळांचं प्रकरण दहावं. दोघांवरही निर्बंध आहेत, पण कुणी त्यांची सरमिसळ केलेली नाही.

मला या उत्तरात खरं सांगायचं आहे ते ‘पाखंड’ शब्दाबद्दल. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या लेखात राजा ‘सवपासंडानि’ पूजतो, म्हणजे सर्व पासंडांचा मान राखतो. पासंड म्हणजे तिथे नुसता पंथ. शिवीचा वासही नाही! आणि १९६३ साली कंदाहारला याच लेखाचं ग्रीक रूप कोरलेला दगड सापडला. त्यात ‘पासंड’साठी ग्रीक शब्द कोणता असावा? ‘दियात्रिबे’. एखाद्या तत्त्वज्ञाभोवती जमलेली शिष्यमंडळी, त्याची शाळा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कुणा द्विभाषिकाने आपला पासंड उचलून स्टोइक आणि एपिक्युरियन मंडळींच्या शेजारी नेऊन बसवला. (धम्मासाठी त्याने ‘युसेबेइया’ वापरला. पुढे युसेबियस नावाचे ख्रिस्ती बिशप झाले, ते आपल्याकडचे धर्माजीच म्हणायचे.)

आता हेरेटिकचं मूळ पाहा. ग्रीक ‘हायरेसिस’ म्हणजे निवड. त्यावरून निवडलेलं मत, त्यावरून ते मत मानणारा संप्रदाय. ‘दियात्रिबे’चा सख्खा शेजारी! नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत सदूकी, परूशी हे ज्यूंचे पंथ सगळे ‘हायरेसिस’च आहेत आणि पौलाच्या नाझरेथकर मंडळींनाही, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनाही, तोच शब्द लावला आहे. म्हणजे पासंड आणि हायरेसिस या दोघांचाही मूळ अर्थ ‘पंथ’, आणि दोघेही घसरत घसरत एकाच खड्ड्यात पडले. आपल्याकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायापर्यंत पाषंडी माणूस जुगाऱ्यांबरोबर नगराबाहेर हाकलण्याच्या यादीत आला होता. तिकडे २७ फेब्रुवारी ३८० रोजी थेस्सलोनिकाहून पहिल्या थिओडोसियसचं फर्मान निघालं: त्रैक्याचा निकियाप्रणीत विश्वास (निकियाच्या धर्मसभेने ठरवलेला, पुत्राला पित्याइतकाच देव मानणारा) धरतील ते कॅथलिक, बाकीच्यांनी हेरेटिक हा कलंक वागवावा. पंथाची शिवी व्हायला मागे राजसत्ता लागते. मतभेद काय, आधीही होतेच.

इथे पंडितांशी माझं भांडण आहे. ‘पा म्हणजे त्रयीधर्म (तीन वेदांचा धर्म), त्याचं खंडण करतो तो पाखंड’ ही व्युत्पत्ती अजून गंभीर चेहऱ्याने सांगितली जाते. शब्द बदनाम झाल्यावर रचलेली ती कथा आहे. जुन्या रूपात ‘खंड’ नाहीच, ‘संड’ आहे. ष चा उच्चार ख झाला, जसं विषाचं जुन्या मराठीत विख झालं, आणि मग त्या ‘खंड’मध्ये लोकांना खंडण दिसू लागलं. पासंडचं नातं काहींनी ‘पार्षद’शी, म्हणजे परिषदेत बसणाऱ्याशी जोडलं आहे. मला तेच पटतं. एकत्र बसणारी मंडळी ती पासंड: अशोकाचा अर्थ यात चपखल बसतो.

आता पेगन. लॅटिन ‘पागानुस’, ‘पागुस’ म्हणजे गावखेडं यावरून. सर्वत्र सांगितलं जातं ते असं: शहरं आधी ख्रिस्ती झाली, खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून खेडवळ तो पेगन. पाचव्या शतकात ओरोसियस या ख्रिस्ती इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आणि तेव्हापासून सगळे त्याचीच री ओढतात. पण ओरोसियस पेगनांविरुद्धच लिहायला बसला होता. प्रतिपक्षाला गावंढळ म्हणणं त्याच्या सोयीचं होतं. त्याच्या आदल्याच पिढीतला सगळ्यात नामांकित पेगन कोण, तर सिम्माकस, खुद्द रोम शहराचा प्रीफेक्ट, म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी! सम्राट ग्रॅशियनने सिनेटच्या सभागृहातून विजयदेवतेची वेदी हलवली, ती परत मागताना ३८४ साली याने लिहिलं की एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येत नाही. मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला आणि वेदी परत आली नाही. या माणसाला खेडवळ कोण म्हणेल?

मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. सैनिकांच्या बोलीत ‘पागानुस’ म्हणजे शिपाई नसलेला, आपल्या भाषेत रयत. इसवी सन ६९ च्या क्रेमोनाच्या लढाईत सेनापती अँटोनियस प्रीमस कच खाणाऱ्या प्रीटोरियन (सम्राटाच्या रक्षकदलातल्या) शिपायांना ‘पागानी’ म्हणून डिवचतो, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलं आहे. ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे शिपाई म्हणवीत. ‘साक्रामेंतुम’ ही मुळात रोमन शिपायाची शपथ, तीच बाप्तिस्म्याला लागली आणि पोर्तुगीजांच्या बरोबर गोव्यात ‘साक्रामेंत’ होऊन उतरली. शपथ घेतली तो शिपाई, नाही घेतली तो पागानुस. यावर आक्षेप असा की पेगन हा धार्मिक अर्थ चौथ्या शतकात रुळला, तोवर शिपाईगिरीची ही उपमा जुनी झाली होती. झाली असेल. पण साक्रामेंतुम शब्द चर्चमध्ये जिवंत होता, तो कुठे गेला नव्हता.

ग्रीक पूर्वेत पेगनसाठी शब्दच निराळा: ‘हेलेन’, म्हणजे ग्रीक! तिथल्या ख्रिस्ती ग्रीकांना स्वतःचंच नाव नकोसं झालं आणि ते स्वतःला रोमन म्हणवू लागले. त्यावरून तुर्कांचं ‘रूम’, आणि त्यावरून आपल्या जुन्या कागदपत्रांतलं ‘रूमशाम’.

असो, प्रश्न रोमच्या लुटीचा होता. २४ ऑगस्ट ४१० ला रोममध्ये शिरलेला, गॉथ या जर्मन टोळ्यांचा राजा अ‍ॅलरिक पेगन नव्हता, ख्रिस्ती होता. पेत्र आणि पौल यांच्या बॅसिलिकांत आसरा घेतलेल्यांना हात लावू नका, असा त्याचा हुकूम होता. पण त्याचं ख्रिस्तीपण अरियस या धर्मोपदेशकाच्या वळणाचं, पुत्राला पित्याहून कमी मानणारं, म्हणून रोमच्या लेखी तो हेरेटिक. गॉथांना हे वळण लागलं कसं? त्यांचा बिशप उल्फिला, ज्याने बायबल गॉथिकमध्ये नेलं, त्याला सुमारे ३४० साली दीक्षा दिली ती निकोमीडियाच्या युसेबियसने. तेव्हा दरबारही निकियाच्या विरुद्ध झुकलेला होता. ३७६ मध्ये गॉथांना डॅन्यूब ओलांडू देणारा सम्राट व्हॅलेन्स त्याच पक्षाचा. तो ३७८ मध्ये एड्रियानोपलला गॉथांच्याच हातून मेला, आणि दोन वर्षांत ते ३८० चं फर्मान आलं. गॉथ जागचे हलले नाहीत. राजमान्य मतच त्यांच्या पायाखालून सरकलं आणि ते रातोरात पाखंडी ठरले.

याचा परिणाम फार लांबवर गेला. इटलीतले गॉथ, आफ्रिकेतले वँडल, स्पेनमधले व्हिसिगॉथ, सगळे राज्यकर्ते पाखंडी आणि प्रजा कॅथलिक, त्यामुळे दोघांत कायम दरी. गॉलमधल्या फ्रँकांचा राजा क्लोविस मात्र खरोखरचा पेगन. त्याने अरियसचं वळण टाळून थेट कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. “जे जाळलंस ते पूज, जे पूजलंस ते जाळ,” असं बिशप रेमिगियसने त्याला सांगितल्याचं तूरच्या ग्रेगरीने लिहिलं आहे. गॉलचे बिशप आणि जुनी रोमन घराणी त्याच्या पाठीशी राहिली. स्पेनचे व्हिसिगॉथ कॅथलिक व्हायला ५८९ ची टोलेडोची धर्मसभा उजाडली. पेगन आणि पाखंडी एकच मानले तर क्लोविसने काय साधलं हे वाचकाला कळणारच नाही.

‘मूर्तिपूजक’ही मला नको. जर्मन लोक देवांना भिंतींत कोंडत नाहीत, त्यांना माणसाचं रूप देत नाहीत, असं टॅसिटस सांगतो. ते पेगन खरे, पण मूर्तिपूजक कसे? ‘जुन्या देवांचे उपासक’ लिहा, किंवा सरळ ‘पेगन’ ठेवा. आणि त्या व्हिडिओतलं वाक्य असं हवं: ‘रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती गॉथांनी रोम लुटलं, आणि शहरात उरलेल्या पेगनांनी त्याचा दोष ख्रिस्ती धर्माला दिला.’