पुढे राजवाडा, मागे पत्रा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गणेशोत्सव मंडळ शहापूर भागात आहे. दरवर्षी आम्ही एखाद्या प्रसिद्ध मंदिराची किंवा राजवाड्याची प्रतिकृती उभारतो. गेल्या वर्षी पुण्यात वास्तुकला शिकणारा माझा आतेभाऊ देखावा पाहायला आला आणि हे सगळे ‘किच’ आहे, म्हणजे उसने आणि उथळ आहे, असे म्हणाला. त्याच बोलण्यात त्याने उत्तर-आधुनिक वास्तुकलेचा (म्हणजे सपाट, सजावट नाकारणाऱ्या आधुनिक इमारतींविरुद्ध जाऊन जुन्या शैली आणि नक्षी पुन्हा वापरणाऱ्या वास्तुकलेचा) आणि अमेरिकेतल्या लास व्हेगास शहराच्या अभ्यासाचा दाखला दिला. परदेशातल्या मोठ्या इमारतींचे सिद्धांत आमच्या दहा दिवसांच्या मांडवाला लावणे योग्य आहे का? (एक कार्यकर्ता, बेळगाव)

उत्तर : तुमच्या आतेभावाने एका दमात दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या. ‘किच’ हा शब्द कलाचर्चेत रूढ झाला तो प्रामुख्याने क्लेमंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकाच्या १९३९ च्या निबंधामुळे. खरी, कष्टसाध्य कला एका बाजूला आणि तयार भावना पुरवणारी बाजारू नक्कल दुसऱ्या बाजूला, अशी ठळक रेघ त्याने ओढली होती. लास व्हेगासचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकी हीच रेघ मान्य नव्हती. १९६८ मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनोर हे वास्तुकार येल विद्यापीठातल्या १३ विद्यार्थ्यांना घेऊन निघाले. तीन आठवडे ग्रंथालयात, चार दिवस लॉस एंजेलिसमध्ये आणि दहा दिवस लास व्हेगासमध्ये घालवून त्यांनी तिथली जुगारगृहे, पेट्रोल पंप, निऑनच्या पाट्या आणि गाड्या लावण्याच्या जागा यांची एखाद्या प्राचीन नगराची करावी तशी बारकाईने नोंद केली, आणि १९७२ मध्ये त्यातून पुस्तक निघाले. म्हणजे हा सिद्धांत मोठ्या इमारतींवरून खाली उतरलेला नाही, तो रस्त्याकडेच्या पाट्यांवरूनच वर गेला आहे. तुमच्या मांडवाला तो लावताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

त्या पुस्तकातली सर्वांत उपयोगी जोडी ‘बदक’ आणि ‘सजवलेली शेड’ ही आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका बदक-पालकाने १९३१ मध्ये बदके आणि अंडी विकण्यासाठी चक्क बदकाच्याच आकाराचे सिमेंटचे दुकान बांधले. त्याचे डोळे म्हणून त्याने फोर्ड मोटारीचे मागचे दिवे बसवले. जिथे सगळी इमारतच चिन्ह होते, ते ‘बदक’. याउलट, साधी चौकोनी खोली बांधायची आणि तिचा अर्थ सांगण्याचे काम पुढच्या पाटीवर किंवा दर्शनी नक्षीवर सोपवायचे, ही ‘सजवलेली शेड’. आपल्या काळातले कितीतरी गंभीर वास्तुकार सजावट नाकारता नाकारता नकळत बदकेच बांधत आहेत, असे या लेखकांचे म्हणणे होते. त्यांचा स्वतःचा कल शेडकडे होता, कारण शेड आपले काम आणि आपले बोलणे वेगवेगळे ठेवते आणि ते लपवत नाही.

आता तुमच्या मांडवाकडे या. समोरून पाहिले तर महिरपी, झरोके, कळस आणि दोन्ही अंगांना हत्ती दिसतात. बाजूच्या बोळातून मागे गेले की बांबू, सुंभ, प्लायवूडच्या पट्ट्या, खिळ्यांची टोके आणि वर पत्रा. तिथेच जनरेटर, पाण्याचा पिंप आणि रात्रपाळीला बसलेल्या पोरांच्या खुर्च्या. कळसाचा मागचा अर्धा भाग मुळी घडवलेलाच नसतो, कारण तो कोणी पाहत नाही. हे अप्रामाणिक आहे असे मला वाटत नाही. मागे जायला कोणालाही मज्जाव नसतो, गल्लीतल्या पोरासोरांना मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच ठाऊक असते, आणि पुढे आल्यावर त्यांचेच हात आपोआप जोडले जातात. सजवलेली शेड म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. चित्ररथाचेही तसेच. वैशाखातल्या शिवजयंतीनंतर बेळगावात रात्रभर मिरवणूक चालते, तेव्हा गडाच्या रंगवलेल्या तटबंदीखाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाके दिसत असतात, आणि त्यामुळे वर उभ्या असलेल्या मावळ्यांचा आवेश तसूभरही कमी होत नाही.

मात्र दिवाळीत मुले अंगणात करतात तो किल्ला मी या वर्गात घालणार नाही. दगड आणि पोत्यांवर लाल माती लिंपून, अळीव पेरून केलेला तो डोंगर पुढून-मागून सारखाच असतो. त्याला मागची बाजू नसते, पाटीही लागत नाही. सिद्धांताच्या भाषेत तो ‘बदक’ आहे, आणि तरीही मला तो अतिशय प्रिय आहे. व्हेंचुरींची जोडी वापरताना त्यांची आवडनिवडही आपण उचलली पाहिजे असे नाही.

उसनवारीबद्दल म्हणाल, तर बेळगावात तिला शंभर वर्षांचा दाखला आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्या तात्पुरत्या वसाहतीला ‘विजयनगर’ हे नाव देण्यात आले, पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला ‘पंपा सरोवर’ म्हटले गेले, आणि प्रवेशद्वार हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराच्या धर्तीवर उभारले गेले. ते द्वार केव्हाच उतरवले गेले, विहीर राहिली. त्या द्वाराला कोणी ‘किच’ म्हणणार नाही, कारण ते कोणाची आठवण जागवत होते आणि ती तिथे, त्या वेळी का जागवायची होती, हे उभारणाऱ्यांना नीट ठाऊक होते. शासकीय इमारतीही उसनवारीला अपवाद नाहीत. २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाला बेंगळुरूच्या विधानसौधाची छाया आहे, आणि १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीने स्वतः दक्षिणेतल्या मंदिरांपासून खांब आणि घुमट्या घेतल्या आहेत.

म्हणून मंडळाच्या बैठकीत ‘ही नक्कल आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘हीच नक्कल का’ हा प्रश्न विचारा. सजावट करणाऱ्या ठेकेदाराकडे गेल्या वर्षीचे साचे पडून आहेत म्हणून राजस्थानी महाल उभा राहणार असेल, तर आतेभावाची तक्रार काही अंशी खरी आहे. आपल्याच खानापूर तालुक्यातल्या हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर एखाद्या वर्षी उभे केलेत, त्यासाठी तिथे जाऊन मापे घेतलीत, तर तीच पत्र्याची शेड कितीतरी जास्त बोलेल.

प्रश्न : वडिलांनी आयुष्यभराच्या कमाईतून नवे घर बांधले. पुढे चार रोमन पद्धतीचे खांब, वर कमान, कमानीच्या मधोमध छत्रपती शिवाजी महाराजांची मूर्ती, आणि हॉलमध्ये पीओपीचे कमळ आहे. घराच्या नावाची पाटी कन्नड आणि मराठीत आहे. वास्तुकलेचे समीक्षक चार्ल्स जेंक्स यांच्या ‘दुहेरी संकेत’ या कल्पनेबद्दल मी वाचले. आमचे घर दुहेरी संकेताचे उदाहरण म्हणता येईल का? माझ्या मैत्रिणी घराला हसतात, म्हणून विचारते. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : पाटीबद्दल आधी सांगते. दोन भाषांतली पाटी म्हणजे जेंक्स यांचा दुहेरी संकेत नव्हे. आपल्या सीमाभागात दोन लिप्या शेजारी-शेजारी लिहिणे ही रोजची गरज आहे, आणि त्यामागे मोठा, दुखरा इतिहासही आहे. कन्नड पाटी आणि मराठी पाटी एकच गोष्ट दोघांना सांगतात. जेंक्स यांनी १९७७ च्या पुस्तकापासून जी कल्पना मांडत नेली तिचा रोख वेगळा आहे. एकच आकार एकाच वेळी दोन प्रकारच्या लोकांशी दोन वेगळ्या गोष्टी बोलतो : सामान्य माणसाला ओळखीचे काहीतरी दिसते आणि जाणकाराला त्यातला संदर्भ व खेळ दिसतो. न्यूयॉर्कमधली वास्तुकार फिलिप जॉन्सन यांची १९८४ ची एटी अँड टी इमारत हे त्याचे गाजलेले उदाहरण आहे. त्या गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर जुन्या इंग्रजी लाकडी कपाटाच्या माथ्यासारखी तुटक त्रिकोणी कमान आहे. पाहणाऱ्याला आजीच्या घरातले कपाट आठवते, आणि वास्तुकाराला काचेच्या इमारतींच्या सपाट छपरांविरुद्धचे बंड दिसते.

तुमच्या वडिलांच्या घरात हा दुसरा, जाणकाराकडे पाहून केलेला खेळ नाही. ते खांब मनापासून उभे केलेले आहेत. माझ्या दृष्टीने हा दोष नाही, उलट इथेच सिद्धांताची मर्यादा दिसते. अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेम्सन यांनी उत्तर-आधुनिक नकलेला ‘हसू हरवलेले विडंबन’ म्हटले होते, म्हणजे जुन्या शैलींची मुखवट्यासारखी, भावनाशून्य उचल. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधला वास्तुकार चार्ल्स मूर यांचा १९७८ चा चौक पाहिला की हे वर्णन पटू लागते : तिथे रोमन खांबांना स्टीलची आणि निऑनची अंगे दिलेली आहेत, आणि बांधल्यावर थोड्याच वर्षांत तो चौक दुर्लक्षित होऊन मोडकळीस आला. निपाणीच्या घरातला खांब तसा भावनाशून्य नाही. तो रोमचे नाव घेत नाही. ‘आम्ही उभे राहिलो’ एवढेच तो म्हणतो, आणि ते गल्लीतल्या प्रत्येकाला कळते.

मग टीका कशावर करायची? हाताने चाचपून पाहता येईल अशा गोष्टींवर. तुमच्याकडच्या खांबांपाशी जा. अशा घरांत बहुतेक वेळा आत नेहमीचा चौकोनी आरसीसी खांब असतो आणि बाहेरून सिमेंटचे साच्यातले दोन अर्धे भाग जोडलेले असतात. सांधा कुठे आला आहे, उभ्या पन्हळी तळापर्यंत पोहोचतात की मीटरच्या पेटीपाशी तुटतात, हे पाहा. हॉलमधल्या कमळाकडे पाहा आणि नंतर एकदा बेळगावच्या किल्ल्यात जाऊन १२०४ च्या कमल बस्ती या जैन मंदिरातले कमळ पाहा. बस्तीतले दगडी कमळ छतापासून वेगळे काढता येत नाही, तेच छत आहे. पीओपीचे कमळ छताखाली टांगलेले आहे आणि त्याच्या पाठीमागून पंख्याच्या व दिव्यांच्या तारा गेल्या आहेत. दोन्ही कमळे आपापले काम करतात, पण ती एकच काम करत नाहीत, आणि हा फरक दिसू लागला की मैत्रिणींच्या हसण्याला उत्तर देणे तुम्हाला सोपे जाईल.

एक गोष्ट त्यांना अवश्य सांगा. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी फिलाडेल्फियात आपल्या आईसाठी घर बांधले, ते १९६४ मध्ये पूर्ण झाले. लहान मुलाने काढावे तसे ते घर आहे : उतरते छप्पर, मधोमध दार, वर धुरांडे, आणि दारावर काहीही न पेलणारी, केवळ दिसण्यासाठी लावलेली कमानीची पट्टी. विसाव्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या घरांत आज त्याची गणना होते. तुमच्या वडिलांची कमानही काही पेलत नाही, पण तिच्याखाली महाराज उभे आहेत.

प्रश्न : मी खानापूरच्या महाविद्यालयात शिकते. या सिद्धांतांचा अर्थ ‘सगळेच चांगले’ असा होतो का? तसे असेल तर मग परीक्षण कशाचे करायचे? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. लास व्हेगासच्या अभ्यासकांनी स्वच्छ लिहिले आहे की निवाडा थांबवणे हे पुढचा निवाडा अधिक संवेदनशील व्हावा म्हणून वापरायचे साधन आहे. थांबवणे आणि सोडून देणे यांत अंतर आहे. नव्या भाजीचा घास तोंडात जाण्याआधीच नाक मुरडणाऱ्याला आपण जाणकार म्हणत नाही, आणि मिळेल ते गिळणाऱ्यालाही म्हणत नाही.

निवाडा सिद्धांतांवरही करावा लागतो. आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी झाला, असे जेंक्स यांनी लिहिले. प्रुइट-आयगो या ३३ इमारतींच्या सरकारी वसाहतीच्या पाडावाला उद्देशून ते वाक्य आहे, आणि ते जगभर उद्धृत झाले. प्रत्यक्षात पाडकाम त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाले होते. शिवाय वसाहतीची देखभाल गरीब भाडेकरूंच्या भाड्यातूनच करायची होती, त्यामुळे रहिवासी कमी होत गेले तसा दुरुस्तीचा पैसाही आटत गेला. या सगळ्याचा ठपका केवळ सपाट भिंतींवर आणि वास्तुकारावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. गोष्ट चांगली रंगली की सिद्धांतकारही घड्याळ हवे तसे लावतात, एवढे ध्यानात ठेवून त्यांना वाचावे.

तुम्हाला काम करून पाहायचे असेल, तर खानापूरहून बेळगावला येणाऱ्या रस्त्याचा दोन किलोमीटरचा एक तुकडा निवडा. त्यावरच्या प्रत्येक पाटीची उंची, लिपी, रंग आणि रस्त्यापासूनचे अंतर वहीत नोंदवा, आणि कोणती पाटी बसमधून वाचता येते, कोणती फक्त चालताना, ते लिहा. आवडले की नावडले हा रकाना पहिले दहा दिवस ठेवूच नका. भाद्रपदात हेच काम मांडवांवर करा. मागच्या बाजूला जाऊन, ज्याने ती कमान ठोकली त्या सुताराला तिच्या प्रत्येक भागाचे नाव विचारा, तो जे शब्द वापरेल ते त्याच्याच उच्चारात उतरवून घ्या, आणि ती यादी आमच्याकडे पाठवा.