एस्टेट सेलला जाताय? आधी स्वयंपाकघरात शिरा

ओहायोतल्या कोलंबसला नव्याने आलेल्या ताईंनी विचारलंय की शेजारच्या गल्लीत ‘एस्टेट सेल’ची पाटी लागली आहे, हा लिलाव असतो का, ओळख नसताना आत जाता येतं का, आणि जुन्या वस्तूंची आवड असेल तर घ्यावं काय. शिवाय सासूबाईंचं म्हणणं, मेलेल्या माणसाचं सामान घरात आणायचं नाही. मी क्लीव्हलँडजवळ राहते आणि चौदा वर्षं या सेलना जातेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

लिलाव नसतो. अख्खं घर उघडतात आणि बहुतेक वस्तूंवर किंमत चिकटवलेली असते. चमच्यांपासून जिन्याखालच्या झाडूपर्यंत सगळं विकायला असतं. सहसा एखादी कंपनी कमिशनवर हे काम करते. कुणीही जावं, आमंत्रण लागत नाही. चांगल्या सेलला मात्र पहाटेपासून लोक येतात, नंबर घेतात आणि नंबराप्रमाणे थोडे थोडे आत सोडतात. साधारण शुक्रवार ते रविवार चालतं. पहिल्या दिवशी लिहिलेली किंमत, दुसऱ्या दिवशी थोडी सूट आणि शेवटच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी निम्म्यावर. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता बोहारणीशी घालतो तशी हुज्जत घालू नका, उगाच वाईट दिसतं. चार वस्तू एकत्र घेऊन ‘सगळ्यांचे मिळून किती?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा काहीतरी कमी करतात.

आत गेल्यावर सगळे डायनिंग रूममधल्या काचेच्या कपाटाकडे धावतात. तुम्ही धावू नका. तिथे सोनेरी काठाचा बारा माणसांचा चिनी मातीचा सेट असतो. तो मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, ठेवायला जागा लागते आणि पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळत नाही. लग्नात मिळाला, आयुष्यभर जपला, वापरला चार वेळा. माझा नियम असा की त्या घरातल्या बाईने जे रोज हातात धरलं ते आधी बघायचं. म्हणजे स्वयंपाकघर, मग तळघर, मग गॅरेज.

माझ्याकडचा सगळ्यात लाडका तवा असाच तळघरात वॉशिंग मशीनच्या मागे खिळ्याला टांगलेला होता. त्यावर डांबरासारखा थर आणि कोळिष्टकं. पाठ नखाने खरवडली तर दुहेरी वर्तुळात एक क्रॉस दिसला आणि खाली ‘एरी’ ही अक्षरं. ग्रिसवोल्डचा बिडाचा तवा! पेनसिल्व्हेनियातल्या एरीचा हा कारखाना 1957 साली बंद झाला. आपल्या ओहायोतल्या सिडनीचे वॅगनरही तितकेच चांगले. जुन्या बिडाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असतो, हल्लीच्या स्वस्त तव्यांसारखा खरखरीत नसतो. घावन अल्लाद सुटतं. कडा नसलेला सपाट गोल तवा दिसला, ज्याला इथे ग्रिडल म्हणतात, तर विचार करत बसू नका. त्यावरचा 8 किंवा 9 हा आकडा इंचांचा नाही, जुन्या शेगडीच्या तोंडाच्या मापाचा आहे. 8 नंबरचा फ्रायपॅन वरून साधारण साडेदहा इंच भरतो.

घेण्याआधी तवा ओट्यावर ठेवून दाबून बघा. डुगडुगला तर बूड वाकलंय आणि इथल्या काचेच्या शेगडीवर तो कामाचा नाही. उजेडात धरून तडा आहे का तेही बघा. एक महत्त्वाचं: गॅरेजमध्ये गळाची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायचे साचे दिसले, तर तिथलं बिडाचं भांडं घेऊ नका. लोक त्यात शिसं वितळवतात. मी अशा वेळी किंमतही विचारत नाही.

काजळीचा थर काढायला लाय (म्हणजे कॉस्टिक सोडा) असलेला अवन क्लीनर फवारून तवा दोन दिवस कचऱ्याच्या पिशवीत बांधून ठेवते. हातमोजे घालून, बाहेर अंगणात. मग धुऊन, लगेच पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन अवनमध्ये तापवते. चुलीत टाकून जाळू नका, बीड वाकतं.

पायरेक्स या कंपनीचे जाड काचेचे रंगीत बोल हे दुसरं वेड. चारचा संच, मोठा पिवळा, मग हिरवा, मग लाल आणि चिमुकला निळा. चारही एका घरात सापडणं कठीण, कारण एखादा फुटलेलाच असतो. रंग चकचकीत असेल तर घ्या. डिशवॉशरमध्ये घालू नका, रंग उडून खडूसारखा दिसायला लागतो. बाहेरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून खरवडलेले बोल मी खाण्यापिण्याला वापरत नाही.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी मखमलीच्या खोक्यात चमच्यांचा संच मिळाला. मागे छाप ‘1847 रॉजर्स ब्रदर्स’. पुण्याची मुलगी मी, मनात लगेच हिशोब केला, अठराशे सत्तावनच्या उठावाच्याही दहा वर्षं आधीची चांदी! दीडशे डॉलर मोजले. घरी येऊन वाचलं तर ते वर्ष नाहीच, छापाचाच भाग आहे. रॉजर्स बंधूंनी मुलाम्याचं काम 1847 साली सुरू केलं आणि तो आकडा पुढे विसाव्या शतकातही चमच्यांवर छापला जात राहिला. चांदीचा नुसता मुलामा. नवरा अजून पाहुण्यांना ‘पेशवाईतले चमचे’ म्हणून वाढायला देतो. तर छापात ‘स्टर्लिंग’ किंवा 925 असेल तरच चांदी समजा. ‘ईपीएनएस’ म्हणजे मुलामा. आणि स्टर्लिंगचे मेणबत्तीदान जड लागले म्हणून हुरळू नका, आत राळ किंवा सिमेंट भरलेलं असतं.

वय ओळखायच्या अशा खुणा हळूहळू डोळ्यांत बसतात. कपबशीखाली ‘निप्पॉन’ (म्हणजे जपान) असेल तर ती साधारण 1921 च्या आधीची. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्यातल्या वर्षांची, म्हणजे 1952 पर्यंतची. कुणी टेबल व्हिक्टोरियन म्हणून सांगत असेल तर उलटं करून बघा. चौफुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे एकतर टेबल नवं किंवा नंतर दुरुस्त केलेलं. खण पूर्ण बाहेर ओढून कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकवलेले लाकडाचे दात, बघा. सगळे दात सारखे असतील तर यंत्राचे, लहानमोठे असतील तर हाताचे. पितळेसाठी पर्समध्ये लहानसा लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड.

फोनवर किंमत तपासताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ असा पर्याय असतो, तो लावा. निळ्या फुलांच्या कॉर्निंगवेअरच्या पांढऱ्या भांड्यांना हजारो डॉलर मागणारे पुष्कळ भेटतील, देणारे शोधावे लागतील.

सासूबाईंचं काय? एकतर प्रत्येक सेल कुणी गेल्यावरच होतो असं नाही. बरेच वृद्ध लहान घरात राहायला जातात, म्हणून सगळं काढतात. गाद्या, उशा, कपडे, चपला मीही आणत नाही, ढेकणांच्या भीतीने. पण धातू आणि काच धुतली की झालं. माझ्या माहेरी पितळी डबे पणजीचे आहेत, ते वापरताना कुणाला काही वाटत नाही. सासूबाईंना एकदा बरोबर न्या. माझ्या सासूबाई ‘मी गाडीतच बसते’ म्हणाल्या होत्या. दहा मिनिटांनी आत आल्या आणि एका टेबलापाशी थबकल्या. चिठ्ठी होती: ‘जुना नटक्रॅकर, पितळी, भारत, 12 डॉलर’. त्यांनी उचलून दोनदा कट् कट् केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, “अगं, हा तर अडकित्ता!” काउंटरवरच्या बाईंना सुपारी म्हणजे काय ते समजावण्यात माझा अर्धा तास गेला. अडकित्ता आमच्याकडेच आहे, त्यांनी पैसेही मला देऊ दिले नाहीत.

शेवटी थोडी काळजी घ्या. हस्तिदंताच्या वस्तूला हात लावू नका, कायद्याची भानगड नको. मोठ्या झोळ्या आत नेऊ नका, दारात अडवतात. नोटा सुट्ट्या ठेवा. आणि कुटुंबातलं कुणी कोपऱ्यात उभं असेल तर वस्तूंची टिंगल करू नका, त्यांना आपल्यासारखंच सगळं ऐकू येतं.

त्या सेलचे फोटो बहुधा एस्टेटसेल्स डॉट नेटवर आधीच टाकलेले असतील. स्वयंपाकघराचे आणि तळघराचे इथे डकवा, मी आज रात्री बघून सांगते पहाटे उठण्यासारखं काही आहे का.