फोर्स वाढवत नेला की ट्यूब तिथेच अडकणार

चौकोनी स्टील ट्यूब दोन रिजिड प्लेटमध्ये दाबताय, वरच्या प्लेटला फोर्स, स्टॅटिक स्टेप (जडत्व न धरता), आणि अबॅकस हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर दरवेळी जवळपास त्याच लोडला 'टू मेनी अटेम्प्ट्स' एरर देऊन बंद पडतंय, म्हणून तुम्ही आठवडाभर पेनल्टी स्टिफनेस (कॉन्टॅक्ट किती कडक धरायचा तो आकडा) खालीवर करताय. मला नाही वाटत दोष कॉन्टॅक्टचा आहे. त्याच लोडला मरतंय हीच खूण, तिथे ट्यूबची लोड घ्यायची ताकद संपली, पुढे ती कमी लोड घेत दुमडणार आणि तुम्ही मागताय जास्त, मग समतोल सापडणार कुठून?

फोर्स काढा, प्लेटला डिस्प्लेसमेंट द्या, रिअॅक्शन वाचा. निम्मे जॉब एवढ्यानेच पुढे सरकतात.

त्याआधी एमएसजी फाइलचा (अबॅकसच्या मेसेज फाइलचा) शेवट नीट वाचा. निगेटिव्ह आयगनव्हॅल्यूची (अस्थिरतेची खूण) वॉर्निंग आहे आणि मोठा रेसिड्युअल (न जुळलेला फोर्स) भिंतीच्या मधल्या नोडला आहे, तर ते बकलिंग, म्हणजे भिंत दाबाने एकदम वाकणं. पण नोड प्लेटच्या कडेला आहे आणि एकच कॉन्टॅक्ट उघड-बंद होत राहतोय, तर मात्र कॉन्टॅक्ट बघा, सुरुवातीची फट आधी एका छोट्या स्टेपमध्ये मिटवून घ्या.

दुसरं म्हणजे तुमची भिंत एकदम सरळ आहे, खरी कधीच नसते, आणि थोड्या वाकडेपणाने लोड किती घसरतो हे डच अभियंता कॉइटरने १९४५ मध्येच दाखवलंय. बकल स्टेप चालवून पहिले एक-दोन मोड (भिंत ज्या आकारात वाकते ते) इम्परफेक्शन, म्हणजे सुरुवातीचा वाकडेपणा, म्हणून टाका. मोडचं सगळ्यात मोठं डिस्प्लेसमेंट १ धरलेलं असतं, त्यामुळे १.५ मिमी भिंतीला फॅक्टर ०.१५ दिला की जाडीच्या १० टक्के झाले. ०.०५ आणि ०.३ नेही चालवा, पीक लोड (सगळ्यात मोठा लोड) किती हलतो ते कळतं.

रिक्सच्या (लोड घसरतानाही कर्व्हचा माग काढणारी पद्धत) नादी लागू नका. घड्या एकमेकींना टेकल्या की स्टिफनेस एकदम उडी मारतो, माझ्या एका मॉडेलमध्ये रिक्स चक्क उलटा फिरून लोड काढत बसला होता आणि मला दोन दिवस कळलंच नाही.

स्टॅबिलायझेशन (कृत्रिम डॅम्पिंग) लावलंत तर ऑलएसडी (त्यात गेलेली एनर्जी) आणि ऑलआयई (इंटर्नल एनर्जी) शेजारी प्लॉट करा, पहिली दुसरीच्या दोन-चार टक्क्यांवर गेली तर तो कर्व्ह मी रिपोर्टमध्ये लावणार नाही. घड्यांवर घड्या पडणार असतील तर सरळ एक्सप्लिसिट (जडत्व धरून छोट्या वेळ-पावलांनी पुढे जाणारी पद्धत), स्मूथ स्टेप (लोड हळूवार चढवणं), सेल्फ कॉन्टॅक्ट (ट्यूबचा स्वतःशीच), मास स्केलिंग (वेळ वाचवायला वस्तुमान वाढवणं) बेताने, कायनेटिक एनर्जी इंटर्नलच्या ५ टक्क्यांच्या आत. सुरुवातीला प्लेट हलताना हा रेशो वर दिसतो, त्याने घाबरू नका, पीक लोडजवळ काय आहे ते बघा.