बीए मानसशास्त्र करून पुढे काय? पंचवटीच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक बारावी सायन्स झाली, नीट द्यायची नाही म्हणते, मानसशास्त्र घ्यायचंय. आणि घरात आजोबांपासून काकांपर्यंत सगळ्यांचं एकच, "बीए करून काय, वेड्यांची डॉक्टर होणार?" मी एमए करून गेली 17 वर्षं नाशकात समुपदेशनाचं काम करतेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी डॉक्टरचा घोळ मिटवू. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्या विषयात एमडी झालेला. मानसशास्त्र शिकलेला माणूस औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी शोधतो. आणि माझ्याकडे येतात ती तुमच्या-माझ्यासारखीच माणसं. कुणाची झोप उडालेली, कुणाचं घरात पटत नाही, कुणी नापास झाल्यापासून खोलीबाहेर येत नाही.

बारावी सायन्स असली तरी बीएला प्रवेश मिळतो, त्याची काळजी नको. पण लेकीला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. हा विषय म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं नव्हे. विल्हेल्म वुंट या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हे मोजमापाचं शास्त्र आहे. कॉलेजात आरशात बघून चांदणीच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायला लावतात आणि चुका मोजतात. बाणांची टोकं उलटी काढली की सारख्याच लांबीच्या दोन रेषांतली एक मोठी दिसते, ती किती मोठी दिसते ते नोंदवायचं. मग जर्नल, आलेख, सरासरी, प्रमाण विचलन. गणित नको म्हणून मानसशास्त्र घेतलेल्या मुली इथेच अडखळतात. तुमची लेक सायन्सची आहे, तिला हे सोपं जाईल.

आता मुख्य मुद्दा. नुसत्या बीएवर समुपदेशक होता येत नाही, आणि होऊही नये. मला हे अनुभवाने कळलं. एमए झाल्या झाल्या मी एका शाळेत लागले. माझ्या कामावर नजर ठेवणारं कुणीच नव्हतं. आठवीतला एक मुलगा पोट दुखतं म्हणून सारखा वर्गाबाहेर यायचा. मी परीक्षेची भीती समजून त्याला दोन महिने श्वासाचे व्यायाम शिकवत राहिले. पुढे एका ज्येष्ठ बाईंकडे शिकायला जाऊ लागले, त्या दर शनिवारी माझी केसची वही तपासायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पोट कोणत्या तासाला दुखतं?" वेळापत्रक काढून बघितलं तर प्रकट वाचनाच्या तासाला. त्याला वाचनाची अध्ययन अक्षमता होती, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं जड जायचं, पुढे चाचणीत तसं निघालं. त्या पोराचे दोन महिने माझ्यामुळे गेले, आणि ते मला अजून टोचतं. म्हणून सांगते, लेक पुढे कुठेही शिकली तरी तिची वही तपासणारं कुणीतरी असायला हवं. सहा महिन्यांचे, पंधरा दिवसांचे "सर्टिफाइड काउन्सेलर" कोर्स जागोजागी निघालेत. त्यात हे मिळत नाही, फक्त कागद मिळतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करणारी तज्ज्ञ, व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. इतकी वर्षं त्यासाठी एमएनंतर दोन वर्षांचं एम.फिल. करावं लागायचं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद होतंय आणि त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येताहेत. त्यामुळे फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणखी एक. आपल्याकडे मुक्त विद्यापीठ जवळ असल्यामुळे "घरबसल्या करता येईल का" असं बरेच पालक विचारतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत, तेव्हा नियमित कॉलेजच धरा.

नोकऱ्यांचं म्हणाल तर वाटा बऱ्याच आहेत. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून पदं असतात, 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी फोन मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावरही समुपदेशकच बोलतात. व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत भरती आणि प्रशिक्षणाच्या कामाला औद्योगिक मानसशास्त्र शिकलेली मुलं जातात, आणि त्यांचा पगार सुरुवातीपासून आमच्यापेक्षा बरा असतो. सैन्याच्या निवड मंडळातही उमेदवारांची चाचणी घ्यायला मानसशास्त्रज्ञ असतात. समुपदेशनात मात्र पहिली तीन-चार वर्षं पैसा बेताचाच मिळतो. घरच्यांची तेवढी तयारी हवी, हे मी लपवणार नाही.

भाषेबद्दल थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. एमएची पुस्तकं इंग्रजीत असतात, तेव्हा इंग्रजी वाचन वाढवायलाच हवं. पण निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार समोर बसला की "मला डिप्रेशन आहे" म्हणत नाही. तो म्हणतो, "बागेत पाय टाकवत नाही", "डोकं बधिर झालंय", "घास गिळत नाही". कधी नुसतं छातीत दुखतं म्हणतो, हृदयाच्या तपासण्या करून आलेला असतो आणि सगळे रिपोर्ट चांगले असतात. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत ऐकून, पुस्तकातल्या कोणत्या लक्षणाशी ते जुळतं हे ओळखावं लागतं. ज्या मुली आजीशी, शेजारणीशी तासभर गप्पा मारू शकतात त्यांना हे पटकन जमतं. तुम्ही लिहिलंय की लेक आजोबांच्या शेजारी बसून त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकते. मला ते तिच्या टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं.

प्रवेशाआधी तिला घेऊन कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या दोन-तीन कॉलेजांत जाऊन या. मानसशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत स्पेशलला, म्हणजे मुख्य विषय म्हणून, आहे का, प्रयोगशाळा रोज उघडते का, मुलांना बाहेर प्रत्यक्ष कामाला पाठवतात का, हे विचारा. आणि शक्य झालं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीचं जर्नल मागून लेकीला वाचायला द्या. ते वाचून तिला काय वाटलं, हे मला इथेच कळवा.