कॅबिनेट निवडताना आधी सिंकखाली वाकून बघा

प्रश्न: नमस्कार, घराचं काम काढलंय आणि किचन पूर्ण नवीन करतोय. नवऱ्याला चकचकीत अ‍ॅक्रिलिक हवंय, सुतार म्हणतो प्लायवर लॅमिनेट मारा आणि विसरून जा, मॉड्युलरवाला म्हणतो एमडीएफ घ्या, फिनिश एकदम भारी येतं. तिघांचं ऐकून डोकं भणभणतंय. शिवाय खाली ड्रॉवर घ्यायचे की दारं, आणि वरचे कॅबिनेट पार छतापर्यंत न्यायचे का, तेही सांगा. – गोंधळलेली वाचक

उत्तर: ताई, तुमच्याकडे तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत म्हणून ते मिटत नाहीये. अ‍ॅक्रिलिक, लॅमिनेट, पीयू (पॉलियुरेथेन रंग) हे वरून घालायचे कपडे, आणि प्लाय, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेला) हे आतलं अंग. आधी अंगाचं ठरवा, कपड्यांवर नंतर भांडा.

माझाच किस्सा सांगते. मागच्या घरी आम्ही सगळं किचन एकाच मटेरियलमध्ये केलं, स्वस्त पार्टिकल बोर्ड, वरून रंग इतका छान की येणारा-जाणारा विचारायचा. दोन पावसाळे गेले आणि सिंकखालचं दार नीट लागेना, म्हणून वाकून बघितलं तर पाइपच्या जॉइंटमधून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि तळाची फळी पावासारखी फुगलेली. अंगठ्याने दाबली तर कडेचा भुसा हातात आला, आणि बिजागरीचा स्क्रू पिळला तर नुसता गोल गोल फिरतोय, धरायला आत काही उरलंच नव्हतं. बाकीचे कॅबिनेट मात्र ठणठणीत होते हं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की सगळ्या किचनला एकच मटेरियल लावायची काही गरज नाही. सिंकचं युनिट आणि जमिनीलगतचे खोके बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्लायचे करा, ज्याला बाजारात मरीन प्लायही म्हणतात, त्याचे थर फिनॉलवाल्या गोंदाने चिकटवलेले असतात आणि ते उकळत्या पाण्यातही लवकर सुटत नाहीत. १८ मिमी जाडी पुरते. वरच्या कॅबिनेटला इतकं पाणी लागत नाही, तिथे हलकं चालेल. एमडीएफवाला अगदीच खोटं बोलत नाहीये, एमडीएफला रेषा-गाठी नसतात त्यामुळे पीयू रंग त्याच्यावर आरशासारखा बसतो, सो दारांना खुशाल वापरा, फक्त सिंकखाली नको. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड घेताना ई१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा ग्रेड मागा, नाहीतर नवीन कॅबिनेट उघडलं की डोळे चुरचुरतात, तो गोंदातल्या फॉर्मल्डिहाइड वायूचा वास असतो.

आता कपडे. अ‍ॅक्रिलिक दिसतं सुंदर पण प्रत्येक बोट उमटतं, घरात लहान मुलं असतील तर तुम्ही दिवसभर फडकं घेऊनच फिराल, आणि ओरखडा पडला की नाहीसा करणं अवघड. पीयूचं दार पुन्हा रंगवता येतं, पण काम हातखंडा असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. मेम्ब्रेन, म्हणजे दारावर चिकटवलेली पीव्हीसीची फिल्म, शेगडीजवळ नकोच, उष्णतेने कडेला सुटायला लागतं. मला विचाराल तर मॅट लॅमिनेट, १ मिमीचं, आणि आतल्या बाजूलाही लॅमिनेट हवंच, कारण एकाच बाजूला लावलं की दार कालांतराने वाकतं. नवऱ्याचं मन राखायचं असेल तर वरच्या दोन दारांना अ‍ॅक्रिलिक लावून द्या :)

शोरूममध्ये गेलात की दार उघडून मागची बाजू बघा, समोरची सगळेच दाखवतात. कडेच्या पट्टीवरून, म्हणजे एज बँडवरून नख फिरवा, नख अडकलं तर उद्या तिथूनच पाणी शिरणार. बिजागरीसाठी पाडलेलं ३५ मिमीचं भोक आणि पाइपसाठी कापलेली कड आतून सील केली आहे का विचारा. बहुतेक जण विचारत नाहीत, आणि माझं सगळं बिघडलं ते तिथूनच.

ड्रॉवर की दारं? ओट्याखाली जमेल तितके ड्रॉवर घ्या. दार उघडून गुडघे टेकून आत हात घालायचा आणि पुढची चार भांडी काढल्याशिवाय मागचं सापडत नाही, हा वैताग ड्रॉवरने संपतो. फक्त चॅनल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) पूर्ण बाहेर येणारा हवा आणि तो किती किलो झेलतो ते आधी विचारा, जड भांड्यांना ३० किलोच्या खालचा नको. सिंकखाली मात्र दारच, पाइप असतात आणि गळती बघता आली पाहिजे. कोपऱ्यातला ड्रॉवर फ्रिजच्या किंवा दुसऱ्या हँडलला आपटत नाही ना ते नकाशावरच बघून घ्या, आमचा आपटायचा.

वरचे कॅबिनेट छतापर्यंत जरूर न्या. वर फट ठेवली की तेलकट धूळ साचते आणि ती पुसायला स्टूल लागतंच, मग त्या जागेत वर्षातून दोनदा लागणारं सामान तरी राहू दे. ओट्यापासून वरच्या कॅबिनेटपर्यंत ४५ ते ६० सेंमी ठेवा आणि त्या कॅबिनेटची खोली ३०-३५ सेंमीच, जास्त केली तर डोकं आपटतं. खाली १० सेंमीचा प्लिंथ (पायथ्याची पट्टी) सोडा, थोडा आत घेतलेला, म्हणजे उभं राहताना पावलं आत जातात.

प्रश्न: आमचे खोके चांगले आहेत, फक्त दारं जुनी दिसतात. नुसती दारं बदलली तर चालेल का?

उत्तर: चालेल की, खर्चही बराच वाचेल. आधी एक बिजागरी काढून तोच स्क्रू परत पिळून बघा, घट्ट बसला तर खोका अजून धडधाकट आहे. मग प्रत्येक दाराचं माप वेगळं घ्या, एकाचं मोजून सगळ्यांना तेच लिहू नका, जुन्या कामात दोन-चार मिमीचा फरक हमखास निघतो. आणि ९० सेंमीपेक्षा उंच दार असेल तर दोन नाही, तीन बिजागऱ्या लावायला सांगा.