पूर आला तर ३ महिन्यांच्या बाळासाठी दुधाच्या पावडरीचा डबा भरून ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की घर शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे, तुमचं बाळ ३ महिन्यांचं न् अंगावर पितंय, जावेचं ११ महिन्यांचं आहे, आणि सासूबाई म्हणतायत पाणी चढायच्या आधी पावडरचा डबा आणि बाटली आणून ठेवा. तुमच्या बाळासाठी आणू नका. सासूबाईंची काळजी खरीय, पण पुरात सगळ्यात आधी घात करते ती बाटलीच.

मी नर्स आहे, २०१९ च्या महापुरात शाळेतल्या निवारा केंद्रात ड्युटी होती. हायवे बंद, दुधाच्या गाड्या बंद, आणि पाणी सगळीकडे असून प्यायला नाही. तेवढ्यात एका मदतीच्या टेम्पोतून बिस्किटं, साड्या यांच्याबरोबर दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या पण आल्या, देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं हो, पण वाटून मोकळे झाले. आता बाटली धुवायची कुठं? ज्या नळावर दोनशे माणसं ताटं धुतायत तिथंच. एका बाईनं बूच उलटं करून दाखवलं तर आतल्या आट्यांत जुनं दूध पिवळं होऊन चिकटलेलं, ती बिचारी दरवेळी विसळत होती पण तिथं बोट जातंय कुठं. २००६ च्या इंडोनेशियातल्या योग्यकार्ता भूकंपानंतर हेच मोजलं गेलं होतं, फुकटची पावडर मिळालेल्या बाळांत जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं.

आता "भीतीनं दूध आटलं" हे तुम्हाला छावणीत दहाजणी सांगतील. दूध आटत नाही. घाबरल्यावर, दमल्यावर पान्हा फुटायला वेळ लागतो एवढंच, दूध तयार व्हायचं काम चालूच असतं, आणि बाळ जितकं ओढेल तितकं ते वाढतं. पण होतं काय, बाळ रडलं की कुणीतरी वरचं दूध पाजतं, मग बाळ अंगावर कमी ओढतं, मग खरंच दूध कमी होतं. त्यामुळं रडलं की छातीशी घ्या, उघड्या अंगाला अंग लावून, परत परत पाजा, रात्री पण. कुणाला तरी पाठ चोळायला सांगा, हसू नका, उपयोग होतो. दिवसाला सहा-सात वेळा लघवी होतेय ना, मग दूध पुरतंय. पाणी, गुटी, मध काही नको, ६ महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नाही, कितीही उकडू दे.

आणि आईला खायला घाला! पंगतीत बाळंतीण शेवटी बसते हे आपल्याकडचं दुखणं आहे, छावणीत तर खिचडी संपूनच जाते. तिचं ताट आधी, प्यायला पाणी आधी. आमच्याकडं बाकं उभी करून त्यावर साडी टाकून कोपरा केला होता, पुरुषांच्या नजरेसमोर बाई नीट पाजत नाही, घाईघाईत दोन मिनिटांत उरकते. आईला ताप, जुलाब असले तरी पाजायचं थांबवू नका, औषध घेताना फक्त डॉक्टरांना सांगा की अंगावर पाजतेय.

ज्या बाळाला आधीपासूनच पावडर चालू आहे किंवा आईच नाही त्याची गोष्ट वेगळी, तिथं पावडर लागतेच आणि त्या बाईला कुणी टोमणे मारू नयेत. फक्त बाटली नको. वाटी-चमचा नाहीतर आपलं जुनं बोंडलं घ्या, घासायला सोपं, उकळायला सोपं. पावडर डब्यात जंतुमुक्त नसते हे लोकांना माहितीच नाही, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशाच्या खाली जायच्या आधी त्यात पावडर कालवायची, मग कोमट करून पाजायचं. माप डब्यावर लिहिलंय तेच, पुरवायचं म्हणून पातळ करू नका. दोन तासांत संपलं नाही तर ओता, उष्टं राहिलं तर लगेच ओता. खिचडी शिजते तिथल्या आचाऱ्याला सांगून ठेवा, उकळतं पाणी थर्मासमधे देतात.

जावेच्या बाळाला अंगावरचं चालू ठेवून ताजा मऊ भात-डाळ, कुस्करलेलं केळं, नाचणीच्या पिठाची गरम पेज. चहात बुडवलेलं बिस्किट नको, पोट भरतं आणि पोषण शून्य. सकाळची खिचडी संध्याकाळी अजिबात नको. जुलाब लागलेच तर ओआरएसची १ लिटरवाली पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, झिंक १४ दिवस, आणि बाळ मलूल झालं, पीतच नाही किंवा डोळे खोल गेले तर १०८ ला फोन, वाट बघत बसू नका. तुमच्या छोट्याला तर जुलाब सुरू झाले की लगेच दाखवा.

बॅगेत वाटी-चमचा, थर्मास, ओआरएस, नाचणीचं पीठ, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर, सुती लंगोट भरपूर आणि लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की निघा, ४३ ची धोका पातळी बघत बसायची चैन लहान बाळ असलेल्या घराला नाही, बोटीत बसायची वेळ आली तर बाळाला घेऊन फार हाल होतात. आणि टेम्पोतून डबे आलेच तर ते सरसकट वाटू देऊ नका, बाळाच्या दूध पावडरी आणि बाटल्यांसाठीच्या १९९२ च्या कायद्यानंच असं फुकट वाटायला बंदी आहे, छावणीतल्या डॉक्टरांकडं द्या, ज्या बाळाला खरंच लागतंय त्याला ते देतील.