वाचकांचे प्रश्न : थराथराने छापायचे काँक्रीट कसे तपासावे?

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत थरावर थर देऊन काँक्रीट छापणारे छोटे यंत्र आहे. फ्लो टेबलवर मिश्रणाचा पसारा दर वेळी १६० ते १६५ मिलिमीटर येतो आणि नॉझलमधून पट्टाही अखंड, गुळगुळीत पडतो. तरीही १० मिलिमीटर जाडीचे वीसेक थर झाले की तळाचे थर फुगतात आणि भिंत बसते. एका थराला एक मिनिट लागते. दोष मिश्रणात आहे की चाचणीत?

उत्तर : फ्लो टेबलच्या चाचणीत टेबलावर ठेवून मिश्रणाने भरलेला शंकू उचलल्यावर टेबल मानकानुसार १५ किंवा २५ वेळा आपटले जाते. छापण्याच्या मिश्रणाला न हलवता ठेवले की त्याच्या कणांमध्ये जी घडण आपोआप जुळू लागते आणि जिच्या जोरावर भिंत उभी राहते, ती घडण या धक्क्यांनी मोडते. म्हणून हा पसारा पंपाच्या दृष्टीने उपयोगी आहे आणि आजचा घाणा कालच्यासारखाच झाला की नाही हेही तो सांगतो. भिंत किती चढेल, हे मात्र त्याला विचारू नये.

त्यासाठी मिश्रणाचा यील्ड स्ट्रेस, म्हणजे ते वाहू लागण्यासाठी लागणारा किमान ताण, वेळेनुसार कसा वाढतो ते पाहावे लागते. मिश्रणाची घनता घनमीटरला २२०० किलो धरली, तर १० मिलिमीटरचा प्रत्येक नवा थर तळाच्या थराकडून सुमारे १२५ पास्कल जास्त यील्ड स्ट्रेस मागतो (थराचे वजन भागिले क्षेत्रफळ, आणि त्याला तीनच्या वर्गमुळाने भागायचे). आता समजा, आपले मिश्रण नॉझलबाहेर पडताना ५०० पास्कलचे आहे आणि मिनिटाला १०० पास्कलने घट्ट होते. विसाव्या मिनिटाला त्याच्याजवळ २५०० पास्कल असतात आणि वीस थरांची मागणीही नेमकी २५०० असते. पुढच्या थराला ते कमी पडते. आपण सांगितलेली लक्षणे या हिशेबाशी जुळतात. हेच मिश्रण दर थराला दोन मिनिटे देऊन छापले, तर तळाचा थर वजनापेक्षा वेगाने घट्ट होईल आणि या कारणाने तरी भिंत बसणार नाही. म्हणजे छापण्याचा वेग ठरल्याशिवाय ‘हे मिश्रण योग्य आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नसते.

मोजणीसाठी मृदा प्रयोगशाळेतला हातातला व्हेन, म्हणजे मिश्रणात खुपसून फिरवायचे पात्यांचे उपकरण, पुरतो. एकाच घाण्यातून सहा-सात भांडी भरावीत आणि दर दहा मिनिटांनी एका नव्या भांड्यात व्हेन फिरवावा. एकदा ढवळलेले भांडे पुन्हा वापरू नये, कारण त्यातली घडण आपणच मोडलेली असते; ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली आपल्या ताज्या मिश्रणासाठी ०.३ ते ०.९ किलोपास्कल ही मर्यादा दिली होती. तो आकडा त्यांच्या पंपाचा आणि नॉझलचा आहे, तो तसाच उचलू नये.

नमुना मिक्सरमधून न घेता नॉझलखाली घ्यावा, कारण पंपातून जाताना मिश्रण ढवळले जाते आणि तापतेही. यासाठी एक सोपी युक्ती आहे. नॉझल बादलीच्या बरेच वर धरून मिश्रण सावकाश सोडावे. लोंबणारा गोळा स्वतःच्या वजनाने तुटून पडतो, आणि बादली वजनकाट्यावर असेल तर प्रत्येक गोळ्याचे वजन कळते. नॉझलचे तोंड २५ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर ४३ ग्रॅमचा गोळा म्हणजे साधारण ५०० पास्कल. गोळा तुटण्याआधी बादलीतल्या ढिगाला टेकला, तर ते वजन धरू नये.

भिंत तळाशी न फुगता एका बाजूला कलून पडली, तर प्रश्न वेगळा असतो. तिथे मिश्रणाची ताठरता आणि भिंतीची जाडी कमी पडलेली असते. सरळ, बारीक भिंतीची उंची दुप्पट हवी असेल, तर जाडी तीच ठेवून ताठरता आठपट लागते. वळणदार भिंत या बाबतीत बरीच सोशिक असते.

प्रश्न : थरांमधला वेळ वाढवला तर दोन थर एकमेकांना नीट धरतील का? आमच्या ठोकळ्यांची दाबशक्ती उत्तम येते.

उत्तर : साच्यात भरून कंप दिलेल्या ठोकळ्यात थरच नसतात, त्यामुळे सांध्याबद्दल तो काही सांगत नाही. छापलेल्या भिंतीतून नमुने कापावेत आणि सांधा उघडेल अशा दिशेने वाकवून किंवा ओढून तोडावेत. थरांमध्ये १, १० आणि ३० मिनिटांचे अंतर ठेवून तीन भिंती छापल्या, तर शक्ती कुठे घसरते ते दिसेल. वाऱ्याने पृष्ठभाग कोरडा पडला की सांधा फार लवकर कमजोर होतो, म्हणून तिन्ही वेळा हवेतली आर्द्रता आणि मिश्रणाचे तापमान नोंदवावे. पहिल्या प्रश्नातील वाचकांनी वेग कमी करण्यापूर्वी ही चाचणी करून घ्यावी. दोन मिनिटांनी सांधा बिघडत नसेल, तर मिश्रणाला हात लावण्याची गरज नाही.